ऐकली ती अफवा

गजाभाऊ मुळे नमस्कार करत नाहीत, आकडा सांगतात. सकाळी सहाला परदेशीपुऱ्याहून सायकल हाणत आमच्या राजेंद्र नगरात येतात, फाटकाशी उतरतात आणि सगळ्या गल्लीला जाग येईल अशा आवाजात म्हणतात, “एकशे सत्त्याऐंशी.” पहिल्यांदा आमच्या हिला वाटलं, बिचारे आपला रक्तदाब सांगताहेत. ती पाण्याचा तांब्या घेऊन धावली. मग कळलं, आजवर पाहिलेल्या पक्ष्यांच्या जातींचा तो आकडा.

गजाभाऊ कापड मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. विव्हिंग खात्यात, शेकडो मागांच्या खडखडाटात त्यांची पंचवीस वर्षं गेली. मिल बंद पडली तेव्हा कुणी रिक्षा चालवायला घेतली, कुणी घरोघरी केबलची तार ओढू लागला. गजाभाऊंनी जुन्या बाजारातून दुर्बीण आणली. तिच्या एका डोळ्यातून काहीच दिसत नाही. “दुसरा तर सही आहे ना,” म्हणतात, आणि विषय संपवतात.

मिलच्या काही सवयी मात्र गेल्या नाहीत. बोलायचं ते ओरडून, आणि समोरचा बोलत असला की त्याच्या तोंडाकडे एकटक बघायचं. ते गेल्यावर आमची ही आरशात दात तपासून येते.

त्यांच्या भाचीच्या लग्नात मामा म्हणून ते नवरीच्या मागे उभे होते. भटजी शेवटच्या मंगलाष्टकाला आले, आणि गजाभाऊ मांडवाबाहेरच्या आंब्याकडे बघून गरजले, “हळद्या.” एक मावशी लगबगीने हळदीची वाटी घेऊन आल्या. पिवळाधमक पक्षी या गोंधळात उडून गेला, आणि नवरीच्या कपाळावर दुसऱ्यांदा हळद लागली. “एकशे बेचाळीस,” गजाभाऊ भटजींना म्हणाले.

आमचं एक पक्षी मंडळ आहे. माझा व्हरांडा मोठा म्हणून मी त्याचा चिटणीस. पक्ष्यांतलं मला फारसं कळत नाही आणि रविवारी लवकर उठायला तर अजिबात आवडत नाही. ज्याचा आकडा सगळ्यांत मोठा, त्याला दरवर्षी बर्तन बाजारातला एक दुकानदार स्टीलचा डबा देतो. तीन डबे गजाभाऊंच्या घरी शेव भरून उभे आहेत. चौथ्यावर महूच्या सुभेदार साहेबांचा डोळा होता. हे फौजेतून रिटायर झालेले गृहस्थ. त्यांच्याकडे मुलाने पाठवलेली जपानी दुर्बीण आणि दोन्ही डोळे शाबूत. तरी आकडा एकशे पंच्याऐंशीवर अडलेला.

यंदा मे महिन्यात त्यांनी बैठकीत ठराव टाकला, की नुसता आवाज ऐकलेला पक्षीसुद्धा मोजायचा. असे तीन त्यांच्यापाशी तयार होते, म्हणजे ते गजाभाऊंच्या पुढे जाणार. पहिला पावशा. तो महूत त्यांच्या खाटेच्या वर महिनाभर ‘पी कहाँ’ म्हणून ओरडतोय, पण पानांत दिसत नाही. आमचे मराठी सभासद म्हणाले, पी कहाँ नाही, ‘पेरते व्हा’ म्हणतो तो. त्यावर अर्धा तास गेला. गजाभाऊ मात्र एकाच वाक्यावर अडून बसले.

“दिसला तो पक्षी, ऐकली ती अफवा. बात खतम.”

मतं पडली पाच आणि पाच. मी चहा ओतत होतो, त्यामुळे माझं मत राहून गेलं. ते पुढच्या रविवारी द्यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सहाला गजाभाऊ हजर. आज आकडा सांगितला नाही, सायकलही हळूच टेकवली. ठराव पास झाला तर मी मंडळ सोडीन, म्हणाले. मला हसू आलं. एका डब्यासाठी माणसाने इतकं रुसावं? तेवढ्यात आमच्या कडुनिंबात पावशा सुरू झाला. अगदी डोक्यावर, कान फुटतील असा.

मी म्हणालो, “घ्या, आलाच. बघून टाका, म्हणजे भांडणच मिटलं.”

त्यांनी झटकन दुर्बीण उचलली आणि समोरच्या घराच्या डिश अँटेनावर लावली. मग गुलमोहरावर. मग विजेच्या खांबावर. पक्षी वर ओरडतच होता. मला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि माझं हसू गेलं.

“बोलतोय का आत्ता?” त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

“मागांनी कान खाल्ले, भिया. माणूस समोर असला की ओठांवरून समजतं, भागतं. पण पक्षी एक पण नाही ऐकू येत. मिल बंद झाली तर सगळे बोलले, कसा सन्नाटा झाला. मला तर काही फरकच नाही पडला.” मग म्हणाले, “मंडळात सांगू नको. मग मला खुर्चीवर बसवतील, आणि कुणीतरी कानात ओरडून नावं सांगेल.”

मला फार वाईट वाटलं. चार वर्षं मी या माणसाच्या ओरडण्याच्या नकला करत होतो. मत कुणाला द्यायचं ते माझं तिथंच ठरलं.

मी त्यांचा दंड धरून त्यांना निंबाखाली नेलं आणि फांदी दाखवली. करडा, पोटावर पट्टे असलेला पक्षी. गजाभाऊंनी चांगला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मी एकशे अठ्ठ्याऐंशीची वाट पाहत होतो. त्यांची आकड्यांची वही खिशातच राहिली.

“तोंड उघडतोय,” ते पुटपुटले. त्यांना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. “पण याला ओठ नाहीत ना, भिया. वाचू कसं?” दुर्बीण खाली करून ते माझ्याकडे वळले. “लहानपणी ऐकला होता, मिलमध्ये लागायच्या आधी. काय बोलतोय रे? मराठीत की हिंदीत?”

“मराठीत,” मी म्हणालो. मग त्यांच्यासमोर नीट उभा राहून, एकेक अक्षर सुटं करत म्हणालो, “पेरते व्हा.”

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

“आईपण हेच सांगायची,” म्हणाले. “परत बोल.”

वर पावशाने आणखी सूर चढवला होता. मी त्याच्या मागोमाग बोलत राहिलो.