सबनीसांनी नापास केलेली तेरा अ‍ॅपं

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या सबनीस भाऊजींनी गेल्या दोन महिन्यांत भाषा शिकवणारी तेरा अ‍ॅपं नापास केली. नुसती मोबाइलमधून काढून टाकली असं नाही हो. वहीत रकाने आखले, अ‍ॅपचं नाव, त्याचा दोष, पुढे लाल पेनानं ‘रिजेक्ट’ आणि खाली सही. सही कशाला, मी विचारलं. म्हणाले, “वहिनी, जबाबदारी कोणाची तरी नको का?”

पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तयार माल तपासला. मापापेक्षा केसभर जाड बोल्टसुद्धा त्यांच्या हातून पुढे गेला नाही. निवृत्त झाले तरी नजर तीच. इथे विश्रांतवाडीच्या मंडईत ते दोडका घ्यायला उभे राहिले की भाजीवाली आपणहून टोपली पुढे सरकवते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते. तिला माहीत असतं, आता पंधरा मिनिटांची निश्चिंती.

पण अ‍ॅपांचं प्रकरण दोडक्यासारखं नव्हतं. त्याची मला धास्तीच वाटायला लागली होती.

सांगते. त्यांची बायको सुनंदा, माझी मैत्रीण, माहेरची सोलापूरची. विणकरांचं, तेलुगू बोलणारं घर. लग्न होऊन आली आणि मराठी अशी बोलायला लागली की तिची भाषा वेगळी आहे याचा मलाच कित्येक वर्षं पत्ता नव्हता. या उन्हाळ्यात तिच्या मेंदूत गुठळी झाली. जीव वाचला, पण मराठी गेली. पाटी पुसावी तशी. उरली ती लहानपणची तेलुगू, आणि सबनीसांना त्यातलं अक्षर येत नाही. पंचेचाळीस वर्षांत कधी गरजच पडली नाही, असं म्हणतात आणि चष्मा पुसत बसतात.

त्यात रोज संध्याकाळी साडेसहाला सुनंदा दाराकडे बघून एकच वाक्य बोलायची. रोज तेच. उत्तर मिळालं नाही की कासावीस व्हायची, चादर ओढायची, रात्रीचा घास तोंडात घ्यायची नाही. माझ्या डोळ्यांसमोर हडकत चालली होती. ते वाक्य समजावं म्हणून ही सगळी अ‍ॅपं.

एका दुपारी तपासणीला मी हजर होते. पहिल्या अ‍ॅपात जपानी होती, कोरियन होती, तेलुगू नव्हती.

“सोलापुरात जपानी कोण बोलतं?” रिजेक्ट.

दुसरं म्हणे, विमानतळ कुठे आहे ते विचारायला शिका.

“ती पलंगावरून उठत नाही, वहिनी. विमानतळ घेऊन काय करू?” रिजेक्ट.

तिसरं उत्तर चुकलं तरी टाळ्या वाजवायचं. “खराब मालाला टाळ्या! असा माणूस आमच्याकडे असता तर गेटबाहेर काढला असता.” आणि चौथं दोन दिवस उघडलं नाही तर आपणच निरोप पाठवायचं, तुमची आठवण येते म्हणून. सबनीस शांतपणे वहीत लिहीत म्हणाले, “सख्ख्या भावाला येत नाही. याला कशी आली?”

मला हसू आलं, आणि हसताना पलंगाकडे लक्ष गेलं. सुनंदाच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या.

“अहो भाऊजी,” मी म्हटलं, “मागच्या बिल्डिंगमधल्या ब्लाउज शिवणाऱ्या पद्माबाई सोलापूरच्याच आहेत. दोन मिनिटांचं काम.”

“बाहेरचं इन्स्पेक्शन नको.”

“मग मोबाइललाच ऐकवा. तो अर्थ सांगतो म्हणे.”

“बघू.”

“बघू काय? ती जेवत नाहीये.”

त्यांनी वही मिटली. आणि ते वाक्य म्हणून दाखवलं. सबंध. तिच्याच सुरात, ती थांबते तिथे थांबून.

“पाठ आहे मला,” म्हणाले. “अर्थ तेवढा नाही. आणि अर्थ असा निघाला की, हा कोण माणूस घरात बसलाय, याला घालवा, तर? मग मी जाऊ कुठे, वहिनी?”

 मी चादरीची घडी घातली, मोडली, परत घातली. दोन महिने हा माणूस निवड नुसती लांबवत होता, एवढं मात्र कळलं.

चार दिवसांनी त्यांनीच माझी बेल वाजवली. इस्त्रीचा शर्ट घातलेला. “पद्माबाई संध्याकाळी मोकळ्या असतात का?”

पद्माबाई आल्या, गळ्यात टेप तशीच. साडेसहाला सुनंदानं वाक्य म्हटलं. पद्माबाईंनी तेलुगूत काहीतरी विचारलं, सुनंदा बरंच बोलली. सबनीस खुर्चीचा दांडा धरून उभे.

“ह्यांची कंपनीची बस आली असेल, म्हणतात,” पद्माबाई म्हणाल्या. “भात टाका, दमून येतील.”

“कोणाला सांगते?”

“तुम्हालाच.” पद्माबाई जरा अडखळल्या. “मी विचारलं, हे कोण. तर म्हणाल्या, माहीत नाही, पण भला माणूस आहे. माझ्यापाशी बसून असतो.”

 सबनीसांनी पद्माबाईंना विचारलं, “‘आलो’ला काय म्हणतात तुमच्यात?”

“वच्चिन.”

त्यांनी ते ओठांतल्या ओठांत दोनतीनदा म्हटलं. चपला सोडून बूट घातले, लेस बांधल्या आणि दार ओढून गेले. जिन्यावर बुटांचा आवाज खाली खाली जात राहिला. तीन मजले. नंतर काहीच ऐकू येईना. पद्माबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे.

बेल वाजली. मी दार उघडलं. सबनीस घामाघूम, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, धाप लागलेली.

“वच्चिन,” ते म्हणाले.

सुनंदानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं. मग भिंतीकडे सरकून पलंगावर त्यांच्यासाठी जागा केली.