पूर्णाची डावी बाजू

जेवणाच्या टेबलावर युद्धनौका येऊन आठ महिने झाले होते, आणि तेवढेच महिने करुणा मांडीवर ताट घेऊन जेवत होती.

नौका तशी लहान होती. लांबी चौतीस सेंटिमीटर, म्हणजे टेबलाच्या एका कोपऱ्यात सहज मावली असती. पण तिच्याभोवती सोळा रंगांच्या बाटल्या, तीन चिमटे, दिव्याचं भिंग, व्हर्निअर कॅलिपर, कापसाचे बोळे आणि झाकणाझाकणांत वर्गवारी करून ठेवलेले सुटे भाग होते. शिवाय एक चिठ्ठी होती : ‘कृपया हात लावू नये.’ ही चिठ्ठी नेमकी कुणासाठी आहे, हे करुणाने विचारलं नव्हतं. घरात माणसं दोनच होती.

दुसरं माणूस म्हणजे तिचा नवरा सम्यक. तो वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. दिवसभर गिअरचे दाते मोजायचे आणि केसाएवढा फरक निघाला तरी अख्खा लॉट परत पाठवायचा, हे त्याचं काम. घरी आल्यावर माणसाने हे काम विसरावं अशी करुणाची साधी अपेक्षा होती. ती स्वतः ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, पण घरी आल्यावर पंख्याचा कोनीय वेग काढत बसत नव्हती.

जहाज मात्र तिच्याच माहेरचं होतं. तिचे वडील पुंडलिकराव नौदलात होते. ‘पूर्णा’ नावाच्या फ्रिगेटवर, इंजिनरूममध्ये, अकरा वर्षं. निवृत्तीनंतर ते पैठणला स्थायिक झाले. समुद्र नाही तर नाही, निदान धरणाचं पाणी तरी दिसावं म्हणून. पूर्णा इंग्रजांकडून घेतलेली, आणि त्याच जातीच्या एका जहाजाचा किट बाजारात मिळतो, हा शोध सम्यकला एप्रिलमध्ये लागला. चार डिसेंबरला, नौदल दिनी, जिल्ह्यातले जुने नौसैनिक शहरातल्या एका सभागृहात जमत. तिथे सासऱ्यांना त्यांचं जहाज भेट द्यायचं, असं त्याने ठरवलं. करुणाला तेव्हा तो विचार फार आवडला होता. हे आठवलं की तिला आता स्वतःचाच राग यायचा.

कारण खोका उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी सम्यक म्हणाला, “किट बोगस आहे.”

“म्हणजे?”

“हा कठडा बघ. जाडी शून्य पॉइंट चार. स्केल साडेतीनशे. म्हणजे खऱ्या जहाजावर चौदा सेंटिमीटर जाड कठडा. हा जहाजाचा कठडा आहे का गोठ्याचा?”

करुणाने मनातल्या मनात गुणाकार केला. बरोबर होता. सम्यकची हीच पंचाईत होती. त्याचे गुणाकार कधी चुकत नसत, त्यामुळे त्याच्याशी भांडायला जागा सापडत नसे.

कठडा गेला आणि त्याच्या जागी चहाच्या गाळणीची बारीक जाळी कापून लागली. आठवडाभर चहा फडक्याने गाळला गेला. गोल खिडक्या नुसत्या रंगवलेल्या होत्या. त्या पाडायला इन्सुलिनच्या सुया आल्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने करुणाला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, सरांची शुगर कितीये?” डोलकाठी जाड होती म्हणून तिच्या शिवणाच्या दोन सुया गेल्या. आणि सप्टेंबरात, एका लग्नाला जायला तिने पैठणी उलगडली, तर काठाला आतून बारीकशी रेघ पडलेली.

“सम्यक, माझ्या पैठणीच्या काठातून तार काढली का तू?”

“एकच. आतल्या बाजूची. दिसत पण नाही.”

“दिसत नाही तर मला कशी कळली?”

“तू लई बारीक बघते.” त्याने सुस्कारा टाकला. “अगं, जरीची तार शून्य पॉइंट एक भरते. गुणिले साडेतीनशे. साडेतीन सेंटिमीटर. डोलकाठीच्या दोराची अगदी तीच जाडी. प्लास्टिकमध्ये हे जमतच नाही.”

हाही गुणाकार बरोबर होता.

खरं संकट आलं ते फोटोमुळे. पूर्णाचा घरात एकच फोटो होता. पैठणच्या बैठकीतून सम्यकने तो ‘पुढच्या आठवड्यात आणून देतो’ म्हणून आणला होता. जहाजाची फुटबॉल टीम धक्क्यावर बनियन-चड्डीत उभी, आणि मागे पूर्णा, पाठीमागच्या बाजूने दिसणारी. जहाजाचं नाव आणि नंबर दोन्ही मागच्या रांगेतल्या डोक्यांनी नेमके झाकलेले. पण डोक्यांच्या वर जहाजाच्या एका अंगाला टांगलेली मोटारहोडी आणि दुसऱ्या अंगाला क्रेन स्पष्ट दिसत होती.

“घोळ आहे,” सम्यक म्हणाला. “किटमध्ये होडी डावीकडे दिलीये. फोटोत उजवीकडे आहे. क्रेन उलटी. शिडी उलटी. सगळं उलटं.”

“आपल्याकडे आल्यावर बदललं असेल.”

“किंवा किटवाल्यांनी न बघताच काढलं असेल.” त्याने फोन उचलून स्पीकरवर टाकला. “मामा, जय भीम. होडी कोणत्या बाजूला होती?”

“जय भीम, जावईबापू. होडी? फोटोत हाय ना.”

“फोटोत उजवीकडे आहे.”

“मग उजवीकडंच असंल. मी इंजिनात व्हतो, बापू. चार-चार घंटे खाली. वर आलो की झोपायचो. पर फोटो काय खोटं बोलतोय व्हय?”

मागून चंपाबाईंचा, म्हणजे करुणाच्या आईचा आवाज आला. “त्या फोटोचं काय सांगू नका. तो फोटो मला पैल्यापासून पटत नाय. त्यात हे हेंच्यासारखे दिसतच नाय.”

“तवा जवान व्हतो म्हणून,” पुंडलिकराव म्हणाले.

आणि सम्यकने करवत घेतली. होडीचा ओटा कापून उजवीकडे गेला, क्रेन डावीकडे आली, शिडीसाठी पाडलेली भोकं पुट्टीने बुजवून घासली गेली. यात सात आठवडे गेले. मधल्या काळात पुंडलिकरावांनी सोयगावच्या सांडूआप्पांना कळवून टाकलं होतं की यंदा पूर्णा मेळाव्याला येणार.

हे सांडूआप्पा पूर्णावरच होते, पण वर, डेकवर. दर मेळाव्याला ते चारचौघांत पुंडलिकरावांना म्हणत, “तुला जहाज काय ठाऊक? तू तर तळघरातला उंदीर.” लोक हसत. पुंडलिकरावही हसत, आणि पैठणला परत जाईपर्यंत एसटीत एक शब्द बोलत नसत. “पोरी, यंदा सांडूचं तोंड बंद व्हायला पायजे,” त्यांनी फोनवर बजावलं. “आमी खालचे असलो तरी जहाज आमचं बी व्हतं.” तेव्हापासून करुणा टेबलाबद्दल बोलायची बंद झाली.

तीन डिसेंबरला दुपारी चार वाजता पूर्णा पूर्ण झाली. सम्यकने तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि तो अंघोळीला गेला. करुणाने टेबल तीनदा पुसलं. संध्याकाळी आईबाबा पैठणहून येणार होते. तिने चार ताटं मांडली, मधे पाण्याचा जग ठेवला आणि दोन मिनिटं नुसती बघत उभी राहिली. मग मेळाव्याला न्यायचा म्हणून फोटोची काच पुसायला घेतली.

पुसता पुसता तिचा हात थांबला. बाबांच्या भुवईवर लहानपणी बैलगाडीतून पडल्याची खूण होती. डाव्या भुवईवर. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून तिने त्या खुणेवरून शेकडो वेळा बोट फिरवलं होतं. फोटोत ती खूण उजव्या भुवईवर होती.

तिने फोटो आरशासमोर धरला. आरशात बाबा अगदी बाबांसारखे दिसले, आणि होडी डावीकडे गेली.

निगेटिव्ह उलटी ठेवून कुणीतरी फोटो मोठा करून दिला होता. किट बरोबर होता. आठ महिन्यांत केसाएवढीही चूक न करता सम्यकने आरशातलं जहाज बांधलं होतं.

न्हाणीघरातून त्याच्या गाण्याचा आवाज येत होता. करुणाने टेबलाकडे पाहिलं. आत्ता सांगितलं, तर अंगावरचं पाणीही न पुसता तो करवत घेऊन बसेल. मेळावा बुडेल आणि हे टेबल उन्हाळ्यापर्यंत दिसणार नाही. खरं ते सांगावं, हे ती पंधरा वर्षं वर्गात सांगत आली होती. प्रयोगवहीत खोडाखोड केली म्हणून तिने पोरांचे गुण कापले होते. तिने फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला, त्यावर दोरी बांधली आणि वरण गरम करायला गेली.

त्या रात्री चौघं टेबलावर बसून जेवले. करुणाला जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पूर्णाभोवती गर्दी झाली. पुंडलिकराव पेटीजवळ छाती काढून उभे होते. सांडूआप्पा काठी टेकत आले, चष्मा पुसला, वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“काम लई नाजूक केलंय,” ते म्हणाले. “पर होडी चुकली.”

“काय चुकली?” पुंडलिकराव म्हणाले.

“डाव्या अंगाला व्हती. सात वर्षं ती होडी मी खाली सोडली, पुंडलिक. ह्या हातानं.”

“उजव्या अंगाला व्हती.”

“तुला काय ठाऊक? तू तर…”

“उंदीर. म्हाईत हाय. करुणा, फोटो काढ.”

दोरी सोडताना करुणाची बोटं मुद्दाम सावकाश चालत होती. फोटो टेबलावर आला. गर्दी फोटोवर वाकली. होडी उजवीकडे होती. सांडूआप्पांचा चेहरा पडला.

“असं कसं?” ते पुटपुटले. स्वतःच्या दोन्ही हातांकडे ते आळीपाळीने बघायला लागले. “वय झालं म्हणायचं. सात वर्षं… मी म्हणतो डावा, आन्…”

सांडूचं तोंड बंद झालं होतं. पुंडलिकराव मात्र जिंकल्यासारखे दिसेनात. ते करुणाकडे वळले. “पोरी, तू सायन्सवाली. सांग ह्याला, फोटो खोटं बोलतो का?”

म्हाताऱ्या सांडूआप्पांचे ते दोन हात करुणाला बघवेनात. “बोलतो, बाबा,” ती म्हणाली. “हा फोटो उलटा छापलाय. तुमची खूण बघा.”

पुंडलिकरावांचा हात डाव्या भुवईकडे गेला. मग त्यांनी फोटोकडे पाहिलं. “पर मला तर असाच दिसतो मी. रोज दाढी करताना.”

“आरशात, बाबा. तुम्ही स्वतःला आरशातच बघता. म्हणून तुम्हाला कधी खटकलं नाही.”

“मला खटकलं व्हतं,” चंपाबाई मागून म्हणाल्या. “चाळीस वर्षं सांगतेय. पर माझं कोण ऐकतंय.”

सम्यक पेटीकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. गुणाकार चालू होता. “सात आठवडे,” शेवटी तो म्हणाला. “ओटा परत कापावा लागेल. पुट्टी पूर्ण वाळायला…”

करुणाच्या डोळ्यांसमोर मांडीवरचं ताट आलं. ती तडक सभागृहाच्या बेसिनकडे गेली, खिळ्यावरचा आरसा काढला आणि पेटीमागे टेकवून उभा केला.

“आप्पा, आता आरशात बघा.”

सांडूआप्पा वाकले. आरशातल्या जहाजाच्या डाव्या अंगाला होडी टांगलेली होती.

“हां,” ते म्हणाले. “ही पूर्णा.” मग त्यांनी सरकून जागा केली. “ये, उंदरा. तू बी बघ. तुझ्या इंजिनावरच चालत व्हती ती.”

दोघं म्हातारे डोक्याला डोकं लावून आरशात बघत बसले. त्यांच्यामागे रांग लागली. त्या दिवशी प्रत्येक नौसैनिकाने पूर्णा आरशातच पाहिली. फक्त नंबर उलटा दिसतो, अशी एकाने तक्रार केली.

पूर्णा आता सम्यक-करुणाच्या घरीच असते. पैठणच्या बैठकीत एवढा मोठा आरसा नाही, आणि पुंडलिकरावांना ती आरशाशिवाय बघायची नाही. त्यामुळे तिची कायमची जागा करुणाच्या ड्रेसिंग टेबलावर, आरशाला लागून. सम्यकने नंबर खरवडून पुन्हा काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काही जाणूनबुजून उलटं केलं, तेही दोन दशांश मिलिमीटरच्या आत. दर रविवारी पैठणच्या एसटीने आईबाबा येतात, बाबा पलंगावर बसून तासभर जहाज बघतात आणि मग चारी माणसं टेबलावर जेवतात.

टेबल पूर्ण मोकळं असतं. तिथेच बसून, स्टीलचं ताट पाण्याच्या जगाला टेकवून, करुणा रोज सकाळी भांग काढते. ताटात चेहरा जरा पसरट दिसतो.

परवा डबा भरता भरता सम्यक थांबला आणि डोळे बारीक करून तिच्याकडे बघायला लागला.

“भांग दोन मिलिमीटर डावीकडे गेलाय.”

करुणाने कंगवा खाली ठेवला.

“कुणाच्या डावीकडे?”