पेटी की थैली

“माही सून म्हंजे सोनं हाय सोनं! चार महिने झाले, एकदाबी मधात बोलली नाही.”

सासूबाई स्वयंपाकघरातून आपल्या बहिणीला फोनवर सांगत होत्या. मी दाराआड कोथिंबीर निवडत होते. ते माझ्यासाठी नव्हतं, पण ऐकू आलं आणि थेट डोक्यात गेलं. शाळेत मला कधी बक्षीस मिळालं नाही (उत्तेजनार्थसुद्धा). हे पहिलंच. ठरवलं, हा रेकॉर्ड मोडायचा नाही.

त्याच आठवड्यात आमची पचमढी ठरली. लग्नानंतरची पहिली सहल. अनुरागला तीन दिवसांची सुट्टी मिळाली होती. एरवी बालाघाटच्या या घरातून आम्ही दोघंच असे बाहेर पडलो होतो ते एकदा, गॅसचं सिलिंडर आणायला. त्यामुळे मी मनातल्या मनात केव्हाच पचमढीला पोचले होते. जायचं होतं त्याच्या अॅडव्हेंचर बाइकवर. (तिचं आजवरचं सर्वात मोठं अॅडव्हेंचर म्हणजे जवळच्याच बिरसा गावात पंक्चर होऊन पिकअपमधून परत येणं.) प्रश्न एकच उरला. सामान कशात न्यायचं? गाडीच्या दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमच्या पेट्या लावायच्या, की कापडी बॅगा?

घरात दोन पक्ष पडले.

“पेटी!” सासरे म्हणाले. ते मलाजखंडच्या खाणीत स्टोअर सांभाळून रिटायर झालेले. कुलूप नसलेल्या वस्तूवर त्यांचा विश्वास नाही.

“थैली!” सासूबाई म्हणाल्या. “थैली धुता येते. पेटी पायावर पडली त पाय जाईन पोराचा.”

अनुरागने यूट्यूबवर चाळीस व्हिडिओ पाहिले. सकाळी तो पेटीचा असायचा, संध्याकाळी थैलीचा. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी रेकॉर्ड होताच.

शेवटी परीक्षा घ्यायचं ठरलं. अनुरागच्या मित्राची, रजतची, कापडी बॅग मागून आणली. सासऱ्यांनी तिच्यात दोन किलो पोहे भरले आणि वरून तीन बादल्या पाणी ओतलं. पोहे कोरडेच. नाराज होऊन त्यांनी चौथी ओतली. तरी कोरडे. सासूबाईंनी विजयी मुद्रेने बॅग भिंतीवर वाळत ठेवली. तेवढ्यात वानर आलं. जी चेन अनुरागला दोन्ही हातांनी उघडत नव्हती ती त्याने एका हाताने उघडली आणि निवांत पोहे खात बसलं.

“अन् पचमढीत त माकडंच माकडं!” सासरे आनंदाने ओरडले.

पेट्या आल्या. झाकण दाबलं की आपोआप कुलूप लागायचं. दोन्ही चाव्या एकाच कड्यात होत्या. सासऱ्यांनी ते कडं माझ्या हातात ठेवलं. “बेटा, हे तू सांभाळ. या घरात तुह्याइतकं जिम्मेदार कोणी नाही.”

(दुसरं बक्षीस!)

आता एक अडचण सांगते. रोज सकाळी मी गेटच्या दोन खांबांमध्ये रांगोळी काढते. ते अंतर माझ्या हाताच्या साडेचार विती. पेट्या लावलेली गाडी पुसताना मी सहज वीत टाकली. साडेचार विती आणि वर दोन बोटं. पुन्हा मोजलं. बोटं दोनच. मी अनुरागकडे सूचक नजरेने पाहिलं. त्याने डोळा मारला. बोलावं का? पण चार महिन्यांचा रेकॉर्ड!

निघायच्या सकाळी सासूबाईंनी हातावर दही-साखर दिली. मी मागे बसले. गाडी निघाली, हँडल गेटबाहेर गेलं आणि पेट्या दोन्ही खांबांना टेकल्या.

“थोडा पीछे लो, अनुराग!” समोरचे तेजरामभाऊ ओरडले.

“पीछे नाही!” सासूबाई कडाडल्या. “दही देल्लं हाय! निघालेलं माणूस मागं फिरत नाही!”

त्यामुळे सासऱ्यांनी मागून धक्का दिला. त्यांनी असा धक्का दिला की पेट्या खांबांत घट्ट रुतल्या. आता गाडी पुढेही जाईना आणि मागेही येईना. मी अर्धी घरात, अर्धी गल्लीत. गल्ली जमली. कोणी म्हणालं खांब फोडा, कोणी म्हणालं तेल लावा. एका आजीने मलाच विचारलं, “उतरत काहून नाही व बाई?” (दोन्ही गुडघ्यांना खांब आणि मागे पेट्या, पाय काढायला जागाच नव्हती, म्हणून.) सुट्टीचा पहिला दिवस हळूहळू तापत चालला होता.

“अरे, पागल झाले का सारे?” सासरे म्हणाले. “चावी लावली का पेटी एका मिनिटात गाडीवरून निघते! व्हिडिओत दाखवलं होतं. चावी कुठं हाय?”

सगळे माझ्याकडे वळले. मी चाव्यांची पर्स शोधू लागले. मग आठवलं की कालच, फार विचार करून, मी ती पर्स कुठे ठेवली होती.

मी घसा खाकरला. सासूबाई हरखून पुढे आल्या. “थांबा रे सारे! सून बोलून राह्यली. बोल बेटा, बोल!”

मी म्हणाले, “आई, गेट दोन बोटं लहान हाय हे मले चार दिवसांपासून मालूम होतं. अन् चाव्या... सगळ्यात पक्की जागा म्हणून म्या पेटीतच ठेवल्या.”