मैनाबाईंनी जोडलेले भाऊ

मैनाबाईंनी बेलभंडार उचलला आणि शपथ घेतली. समोर थोरले भाऊ खुशालराव बसले होते, आणि खुशालरावांपुढे अख्ख्या बार्शीटाकळीत भल्याभल्यांची बोबडी वळायची. त्यांची लेक शकुन अकोल्याच्या कॉलेजात शिकत होती. कॉलेजांच्या पोरींची बास्केटबॉलची शेवटची मॅच अमरावतीला होती, आणि शकुनला जायची परवानगी एकाच अटीवर मिळाली होती. तिला खेळताना परक्या पुरुषानं पाहायचं नाही, आणि आत्यानं सोबत जाऊन ते सांभाळायचं.

"एका बी परक्या माणसानं पायलं, तर तिचं कॉलेज बंद," खुशालराव म्हणाले. "अन् तुले शपथ हाये मैना, मले खोटं सांगायचं नाई."

मैनाबाईंनी मान हलवली. बायांचा खेळ, तिथे पुरुष कशाला मरायला येतील, असा त्यांचा भाबडा समज होता.

अमरावतीच्या मैदानात पाय ठेवताच तो समज गळून पडला. चहूबाजूंनी तट्टे लावले होते, बाहेरच्या पुरुषांना बंदी होती, ते सगळं ठीक. पण मधोमध शिट्टी घेऊन जो उभा होता त्याला चांगल्या झुपकेदार मिशा होत्या. शकुन म्हणाली, हे पंच, यांच्याशिवाय खेळच होत नाही. मग टेबलापाशी गुण लिहिणारा दिसला, औषधांची पेटी घेतलेले डॉक्टर दिसले. खरं सांगावं तर पोरीचं कॉलेज जाणार, खोटं बोलावं तर देव कोपणार. शकुनचे डोळे भरून आले तसा त्यांचा धीरच सुटला.

अशा वेळी एखाद्याचं डोकं बंद पडलं असतं. मैनाबाईंचं चालू लागलं. अट परक्या माणसाची होती, घरच्या नव्हे. फुलमळ्यातली बाई, हार गुंफायच्या दोऱ्याची गुंडी कमरेच्या पिशवीत असायचीच. त्या तरातरा गेल्या आणि पंचांच्या मनगटाला दोरा बांधून मोकळ्या झाल्या.

"आजपासून तुमी माये भाऊ," त्या म्हणाल्या. "म्हंजे शकुनचे काका. आता पाहा बिनघोर."

बाईनं भाऊ म्हणून बांधलेला दोरा तोडायची कुणाची छाती होणार? पंच ओशाळं हसले. मग गुण लिहिणारा भाऊ झाला, डॉक्टर झाले, पाण्याचे माठ भरणारा म्हाताराही झाला.

इतक्यात समोरच्या अमरावती संघाच्या मास्तरीणबाईंनी हरकत घेतली. पंच अकोल्याच्या पोरीचे काका, मग निकाल सरळ कसा लागणार? नात्यातला पंच चालत नव्हता आणि दुसरा जवळपास नव्हता. मॅच रद्द व्हायची वेळ आली. शकुननं आत्याकडे असं पाहिलं की भुईनं पोटात घेतलं तर बरं, असं मैनाबाईंना झालं. शेवटी त्यांनी तीच गुंडी अमरावतीच्या पोरींपुढे धरली. पोरींनीही पंचांना दोरे बांधले, दोन्हीकडे नातं सारखं झालं आणि शिट्टी वाजली.

खेळ रंगात आला आणि मैनाबाईंची नजर कोपऱ्यात गेली. फेटा बांधलेले एक गृहस्थ खुर्चीवर बसून शकुनकडे टक लावून पाहत होते. मैनाबाई धापा टाकत त्यांच्यापाशी पोचल्या.

"बाई, थांबा, मी कोन हाये ते त—"

"कोनी बी असा," म्हणत मैनाबाईंनी घट्ट गाठ मारली. गृहस्थ मनगटाकडे पाहतच राहिले.

मॅचचं काय झालं हे विचारायचंही मैनाबाईंना भान नव्हतं. दादांना काय सांगायचं, याचीच परतीच्या वाटेवर त्यांची घोकंपट्टी चालली होती.

"कोन्या परक्यानं पायलं?" दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी विचारलं.

"नाई, दादा. होते ते सारे भाऊच."

"कोनाचे भाऊ?"

तेवढ्यात दारात बैलांची दमणी थांबली आणि फेटेवाले गृहस्थ उतरले. खुशालराव लगबगीनं सामोरे गेले, "या, पंजाबराव." हे पंजाबराव नांदगाव खंडेश्वरचे बागाईतदार, जातभाई आणि लग्नाच्या मुलाचे वडील. पोरगी धडधाकट आहे का हे धावताना बरं कळेल, म्हणून खुशालरावांनीच त्यांना मैदानाचा पास मिळवून दिला होता, गुपचूप. लग्न ठरलं की कॉलेज आपोआप बंद.

पंजाबरावांनी मैनाबाईंपुढे लुगडं आणि नारळ ठेवला. "पोरगी लाखात एक हाये," ते म्हणाले. "पण माया पोराले आता करता येत नाई. मी तिचा काका झालो ना." आणि त्यांनी दोरा बांधलेलं मनगट पुढे केलं.

खुशालराव लालबुंद झाले. "मैना, हे काहून केलं तू?"

"तुमीच बेलभंडार उचलाले लावला, दादा." मैनाबाईंनी पंजाबरावांकडे बोट केलं. "हे परके होते. परक्यानं पायलं असतं त पोरीचं कॉलेज गेलं असतं. यायले तिथं कोनं धाडलं, मले काय मालूम?"

खुशालरावांना पंजाबरावांकडे पाहवेना, बहिणीकडे पाहवेना, दाराआडच्या लेकीकडे तर नाहीच. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं.

"मंग, जिंकलं कोन?"

"कोन म्हंजे?" पंजाबराव फेटा सावरत म्हणाले. "आपनच जिंकलो."