उजवीकडे वळू नकोस, डस्टी!

“माझा घोडा मी डोळे बांधूनसुद्धा ओळखीन!” चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी डस्टी मॅबरीने छाती ठोकून बायकोला, व्हर्नाला सांगितलं. आणि तासाभरात डोळे सताड उघडे ठेवून त्याने भलताच घोडा उचलला.

तसा दोष एकट्या डस्टीचा नाही. सिनेमाच्या पडद्यावर त्याचा घोडा एकच, सार्जंट. तपकिरी अंग, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा, चेहऱ्यावर डस्टीपेक्षा जास्त अक्कल. प्रत्यक्षात सार्जंट तीन होते! एक जवळून चित्र घ्यायला. दुसरा दौडीला. आणि तिसरा पडायला. गोळ्या सुटल्या की स्वाराने उजवा लगाम खेचायचा, की तिसरा सार्जंट धाडकन आडवा! मग स्वार उठेपर्यंत डोळे मिटून गप पडून राहायचा. ते पडायचं काम अर्थात डस्टीच्या कपड्यातला बदली माणूस करायचा. डस्टी तेव्हा सावलीत बसून कॉफी प्यायचा. पट्टा खरा फक्त पहिल्याचा, बाकी दोघांचा रंगवलेला.

घोडे त्यांना सांभाळणाऱ्या हॅस्कलच्या तबेल्यात असायचे. हॅस्कल त्या दिवशी सुट्टी म्हणून मासे पकडायला गेलेला.

“त्याला येऊ दे ना,” व्हर्ना म्हणाली. “तिन्ही घोडे सारखेच दिसतात मला.”

“तुला दिसतात! मी या धंद्यात म्हातारा झालोय!” डस्टी मधल्या घोड्यापाशी गेला. घोड्याने त्याच्या खांद्यावर नाक घासलं. “बघितलंस? लगेच ओळखलंन मला!”

डस्टी एवढा उतावीळ झाला होता त्याला कारण होतं. घरोघरी टीव्ही आला आणि त्याचे काऊबॉयपट बंद पडले. वर्षभर कुणी कामाला बोलावलं नव्हतं. मागच्या महिन्यात एका टायरच्या दुकानाची फीत कापायला गेला, तर मालकाने त्यालाच विचारलं, “ते मॅबरी कधी येणार?” रात्री त्याला झोप लागत नव्हती. आणि अशात ओटिस फेनिमोरचा निरोप आला! फेनिमोर म्हणजे न्याहारीच्या ओट्सचा कारखानदार. त्याच्या पैशावर टीव्हीवर काऊबॉयची नवी मालिका निघणार होती.

“फोटो बघून मी माणूस घेत नाही,” फेनिमोर म्हणाला होता. “आमच्या लास लोमास गावच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे घोड्यावरून या. स्टेजसमोर थांबून सलाम करा. माझी आई तुमची भक्त आहे, तीही असेल. तिथेच ठरवू.”

म्हणजे आज जमलं तर जमलं. नाहीतर डस्टी मॅबरी संपला!

घोडा ट्रकमध्ये घालून गावात पोचल्यावर चर्चमागच्या गल्लीत डस्टी घोड्यावर चढला. टोपी नीट केली. बँडच्या दिशेने जायला म्हणून त्याने सहज उजवा लगाम ओढला आणि पुढच्या क्षणी तो आणि घोडा दोघेही जमिनीवर!

व्हर्ना धावली. “लागलं का रे?”

डस्टी उठून बसला. तसा घोडाही उठला आणि काही झालंच नाही अशा थाटात उभा राहिला. डस्टीने थुंकी लावून बोट पट्ट्यावरून फिरवलं. बोट पांढरं झालं.

“व्हर्ना, हा पडणारा आहे!”

“डोळे बांधायला हवे होते तुझे,” व्हर्ना म्हणाली. “आता?”

“आता काय! तबेला डोंगरापलीकडे. बँड सुरू झाला!”

“मग उतर आणि चालत जा.”

“त्यांना घोडेस्वार हवाय, पोस्टमन नाही!”

व्हर्नाने दोन्ही हातांनी त्याचं जाकीट झटकलं. घराचे हप्ते तिलाही ठाऊक होते. “नीट ऐक. डावीकडे वळलं तर पडत नाही ना? मग उजवीकडे वळू नकोस, डस्टी! जीव गेला तरी वळू नकोस!”

आता पंचाईत अशी, की मिरवणूक हमरस्त्याने सरळ जाणार होती आणि औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर उजवीकडे वळून कोर्टाच्या मैदानात, म्हणजे स्टेजसमोर पोचणार होती. मार्गात वळण एकच, आणि तेही उजवं!

डस्टी निघाला. मागे उघड्या मोटारीत मेयर, मग बँड, मग शाळेच्या मुली, आणि पार शेवटी आगीचा बंब. दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, “डस्टी! इकडे बघ!” डस्टी कुणाकडेही बघत नव्हता. मान हलली तर हात हलेल, हात हलला तर लगाम हलेल! तो खोगिरावर खिळा ठोकल्यासारखा बसला होता. पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

“काय रुबाब आहे बघ!” गर्दीतली एक बाई म्हणाली. “ढुंकून बघत नाही!”

औषधांचं दुकान आलं. डस्टी सरळ पुढे गेला.

“अहो मॅबरी!” मेयर मोटारीतून ओरडला. “उजवीकडे! उजवीकडे वळा!”

डस्टीने घोडा डावीकडे वळवला.

“अहो, उजवीकडे म्हणतोय मी!”

डस्टी पुन्हा डावीकडे वळला, लोकांच्या परसांमधल्या गल्लीत. वाळत घातलेल्या चादरींखालून मेयर, चादरींखालून बँड! ट्रॉम्बोनवाल्याच्या वाद्यात कुणाचा तरी परकर अडकला. पण बँडमास्तर कडक माणूस, पुढचा जाईल तिकडे जायचं हा त्याचा नियम. तिसऱ्यांदा डावीकडे वळल्यावर डस्टीला समोर पुन्हा तोच औषधांच्या दुकानाचा कोपरा दिसला, आणि हमरस्ता ओलांडून पलीकडे सरळ, अगदी नाकासमोर, स्टेज!

“जमलं!” तो पुटपुटला.

पण हमरस्त्यावरून अजून मिरवणुकीचं शेपूट चाललं होतं! घंटा बडवत आगीचा बंब येत होता. थांबावं तर मागून मेयरची मोटार, उजवीकडे वळावं तर आडवं, डावीकडे वळावं तर पुन्हा तीच फेरी. डस्टीने डोळे मिटले आणि टाच मारली. बंबाच्या चालकाने ब्रेक दाबला, घोडा बंबासमोरून निसटला, आणि मागे मिरवणुकीचं तोंड मिरवणुकीच्या शेपटाला जाऊन धडकलं. शाळेच्या मुली बंबावर चढल्या. मेयरच्या मोटारीत ढोल येऊन बसला. कोण कुणाला शिव्या देतंय कळेना!

डस्टीने मागे वळून पाहिलं नाही. तो स्टेजसमोर आला, जपून डावीकडे वळला आणि थांबला. घोडाही थांबला. स्टेज त्याच्या उजव्या हाताला होतं. तिथे फेनिमोर उभा होता, आणि शेजारी त्याची आई, पांढऱ्या केसांची, चिमुकली म्हातारी. डस्टीने जपून हात वर नेला, सलाम केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झालं! आता फक्त खाली उतरायचं! त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात म्हातारीने पर्समधून ओट्सच्या डब्यात फुकट मिळणारं टिकल्यांचं पिस्तूल काढलं. “हात वर, डस्टी!” ती आनंदाने किंचाळली आणि तिने चाप ओढला. फट्!

आता वीस वर्षांची सवय! उजवीकडून गोळी आली की घोडा गर्रकन उजवीकडे वळवायचा! डस्टीच्या डोक्याला कळायच्या आत हाताने लगाम खेचला होता. “नको!” एवढं एकच आर्त ओरडून तो घोड्यासकट कोसळला. जिवाच्या भीतीने त्याचे डोळे पांढरे झाले, एक हात आकाशाकडे गेला, थरथरला आणि धुळीत पडला.

मैदानात चिडीचूप. घोडा डोळे मिटून पडलेला. डस्टीसुद्धा. आता उठून तरी करायचं काय? सगळं संपलंच होतं.

“ओटिस!” म्हातारीने हंबरडा फोडला. “मी मारलं रे त्याला!”

फेनिमोर स्टेजवरून उडी मारून आला. गुडघ्यांवर बसला. “मॅबरी! जिवंत आहात?”

“आहे,” डस्टी डोळे न उघडता म्हणाला. “माफ करा.”

“माफ? अहो, अंगावर काटा आला माझ्या! असं मरताना मी कुणाला बघितलं नाही!” फेनिमोरने त्याला हात धरून उठवलं. “खोटं नाही सांगत, तुम्हाला हिरोच करणार होतो. पण आता तसं करणं म्हणजे पाप! हिरो काय, ढिगाने मिळतात. दर शनिवारी एक बदमाश मरणार. मिशा बदलू, टोपी बदलू, पण मरायचं तुम्हीच. घोड्यासकट! कबूल?”

डस्टी पडलेली टोपी उचलायला वाकला. गर्दीतून वाट काढत आलेल्या व्हर्नाने त्याला मागून असा चिमटा काढला, की तो “कबूल!” म्हणून ओरडलाच.

परत जाताना ट्रक व्हर्ना चालवत होती. डस्टी टोपीवरची धूळ झटकत होता. तो म्हणाला, “वीस वर्षं, व्हर्ना. इतक्या सिनेमांत एकालासुद्धा मला मारता आलं नाही.”

“म्हणून तर लोक यायचे बंद झाले,” व्हर्ना म्हणाली.