पेजिंग फाईल रद्दीत

कॉम्प्युटर जरा हलका करावा, एवढंच रद्दीसाहेबांच्या मनात आलं होतं. हेतू वाईट नव्हता. (वाईट हेतूनं माणूस एवढं नुकसान करूच शकत नाही. त्याला मनापासूनची तळमळ लागते.)

रद्दीसाहेब हे नाव कचेरीतल्या लोकांनी ठेवलेलं. जुन्या फायलींच्या खोलीचा कारभार त्यांच्याकडे होता. जिला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही ती फाईल रद्दीत काढायची, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की भलेभले वरिष्ठ आपल्या टेबलावरच्या फायली अधूनमधून उगाचच उघडून बंद करत. न जाणो, यांची नजर पडली तर!

घरातला कॉम्प्युटर मात्र बायकोचा. जुने, फाटलेले, डाग पडलेले फोटो ती त्यावर दुरुस्त करून द्यायची. यंत्र म्हातारं झालं होतं. माउस फिरवल्यावर पडद्यावर रेघ उमटायला इतका वेळ लागे की तेवढ्यात तिची निम्मी भाजी निवडून व्हायची. त्या दिवशी ती चष्म्याच्या दुकानातल्या बाईंचं काम करत होती. बाईंचे यजमान गेल्यापासून दुकान बंद होतं. उद्या ते पुन्हा उघडायचं होतं आणि काउंटरमागे यजमानांचा फोटो लावायचा होता. हसताना काढलेला असा त्यांचा एकच फोटो घरात सापडला, तोही घडी पडून गालावर चिरलेला. संध्याकाळी बाई न्यायला येणार होत्या. फोटोचा कागद संपला म्हणून बायको दुपारी तो आणायला निघाली.

"अहो, कशाला हात लावू नका," दारातून ती म्हणाली.

"मी कशाला लावतोय?"

"लावता म्हणून तर सांगतेय."

दार लागलं आणि साहेब खुर्चीत बसले. फोटोला हात लावायचा नव्हताच. फक्त डिस्कवर कोण किती जागा अडवून बसलंय, ते बघायचं होतं. बघतात तो काय, एक अजस्र फाईल! नाव पेजिंग फाईल. उघडायला गेले तर उघडेना. बायकोनं आजवर दुरुस्त केलेले सगळे फोटो एका पारड्यात घातले तरी हिचंच पारडं जड, आणि ती कुणी उघडून वाचल्याचा मागमूस नाही. साहेबांच्या अंगात अख्खी नोकरी संचारली.

शोधत शोधत ते व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगपर्यंत पोचले. 'पेजिंग फाईल नको' असा पर्याय तिथं होताच. यंत्रानं बजावलं की अडचण येऊ शकते. (कचेरीतही रद्दी काढताना कुणी ना कुणी असं म्हणतंच.) साहेबांनी होकार दिला. मग यंत्र म्हणालं, आता मला बंद करून पुन्हा चालू करा. ते बंद करायला गेले, तर फोटोच्या प्रोग्रॅमनं आडवं येऊन विचारलं: केलेले बदल जतन करायचे का?

इथं साहेब थांबले. फोटोत आपण तर काडीचा बदल केलेला नाही. 'हो' म्हणावं तर बायकोच्या कामात लुडबूड केल्यासारखं होईल. हात लावणार नाही म्हणजे नाही. त्यांनी अतिशय प्रामाणिकपणे 'नाही' दाबलं.

बायको परतली तेव्हा ते दारातच उभे होते.

"बघ आता कसा पळतो ते!"

"कोण पळतो?"

"कॉम्प्युटर."

तिनं पिशवी तिथंच खाली ठेवली आणि फोटो उघडायला घेतला. मेमरी अपुरी असल्याचं सांगून प्रोग्रॅम बंद पडला. पुन्हा उघडला, पुन्हा पडला.

"काय केलंत?"

"साधं आहे गं. मेमरी म्हणजे आपला ओटा असं समज. डिस्क म्हणजे भिंतीतलं कपाट. ओट्यावर मावेनासं झालं की कपाटाजवळच्या स्टुलावर सामान टेकवायचं. ते स्टूल म्हणजे पेजिंग फाईल. ते नुसतीच जागा अडवत होतं, म्हणून मी..."

"स्टूल फेकलंत, तेव्हा ओट्यावर काय शिजत होतं?"

उदाहरण साहेबांचं होतं, पण कळलं तिला.

"त्यानं विचारलं होतं," ते हळूच म्हणाले. "बदल जतन करायचे का, म्हणून."

"मग?"

"मी काही बदल केलेच नव्हते. नाही म्हटलं."

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त ते सेटिंग कुठं आहे ते विचारून घेतलं, मेमरीचं काय करायचं ते यंत्राचं यंत्रालाच ठरवू दिलं आणि सगळं पुन्हा चालू केलं. फोटो पहिल्यासारखाच रखडत उघडला. गालावरची चीर बुजलेली होती, कारण तेवढं सकाळीच जतन झालं होतं. दुपारचं सगळं गेलं. कपाळावरचे डाग परत आले होते आणि शर्टाची कॉलर एका बाजूनं उभी ती उभीच.

"मी काही मदत करू?"

"हात मागे बांधून उभे राहा."

ते राहिले. कपाळ होत आलं आणि बेल वाजली.

चष्म्याच्या दुकानातल्या बाई आत येऊन थेट पडद्याशी वाकल्या. "झालं का हो?"

"थोडं राहिलंय," बायको ओशाळून म्हणाली. "कॉलर दुपारी अगदी सरळ बसवली होती मी. पण ती पुसली गेली. थोडा वेळ द्या, पुन्हा करते."

बाईंनी चष्मा सावरून ती उभी कॉलर नीट पाहिली.

"बरं झालं पुसली गेली," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी मी सरळ करायची. दुकानाचं कुलूप काढेपर्यंत परत तशीच. सरळ कॉलरचा माणूस काउंटरमागे लावला, तर गिऱ्हाईक विचारेल, हे कोण?"

"म्हणजे एका दृष्टीनं पाहिलं तर..." साहेब पुढं सरसावले.

"अहो, हात मागे!"

फोटो छापून होईपर्यंत बाईंनी सगळी हकीकत काढून घेतली. 'नाही' दाबल्याचं ऐकून त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"आमचेही अस्सेच. पंखा दुरुस्त केला की दिवा जायचा. दिव्याला हात लावला की बेल बंद. ते गेल्यावर मी माणूस बोलावून एकदाच सगळं नीट करून घेतलं." त्यांनी फोटो जपून पाकिटात सरकवला. "आता घरात काही बिघडतच नाही."

त्या गेल्या. बायकोनं दार लावलं, साहेबांकडे एकदा वळून बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली. साहेब अजून हात मागे बांधूनच उभे होते.

"अहो," आतून हाक आली, "इथला नळ गळतोय. जरा बघता का?"

ती दुसऱ्या कुणाशी बोलतेय, असंच साहेबांना आधी वाटलं. मग ते धावले. पान्हा शोधला, बाह्या वर केल्या आणि सिंकखाली डोकं घातलं.

"थांबा, थांबा," फोन कानाला लावत बायको म्हणाली. "आधी प्लंबरला निघायला सांगते. मग तुम्ही सुरुवात करा."