एलादियोला फुलं

बदामाची झाडं फुलली की रेमेदियोसचं नवऱ्यावरचं प्रेम उफाळून यायचं. एरवी वर्षभर ती बिचाऱ्या एलादियोचं नाव फक्त नळ गळायला लागला की काढायची. पण फेब्रुवारी सरता सरता रोज सकाळी टोपलीत फुलं घेऊन ती कब्रस्तानात जायची आणि येताना टोपलीवर पांढरं फडकं टाकून, मान खाली घालून परतायची. गाव हळहळायचं. ‘‘माया असावी तर अशी!’’ पाद्रीबाबा म्हणायचे.

फडक्याखाली रानशतावरीचे कोवळे कोंब असायचे.

कब्रस्तानाच्या मागच्या भिंतीला एक खिंडार होतं आणि त्यापलीकडच्या काटेरी झुडपांत हे कोंब नुसते माजायचे. ही जागा तिला बापाने मरताना कानात सांगितली होती. त्या गावात माणूस एकवेळ भावाला शेत देईल, पण कोंबांची जागा सांगणार नाही. डोंगरावर जाणारे नदीच्या वाटेने निघत, नदीवर जाणारे डोंगराच्या. पाद्रीबाबा कबुलीजबाबात सगळं विचारत, एवढंच विचारत नसत. त्यांचीही एक जागा होती.

मोसमातलं कोंबांचं पहिलं आम्लेट दरवर्षी रेमेदियोसच्याच घरी व्हायचं. तिची नणंद ब्रिखिदा, एलादियोची थोरली बहीण, ते चाटूनपुसून खायची आणि विचारायची, ‘‘कुठे गं मिळाले?’’

‘‘नदीकडे, वन्सं.’’

दुसऱ्या दिवशी ब्रिखिदा नदीकाठी गुडघाभर चिखलात उभी असायची. रेमेदियोसला त्या आम्लेटपेक्षा हा चिखल गोड लागायचा.

यंदा मात्र ऐन वेळी घात झाला. दोन दिवस पाऊस पडून छान ऊन आलं, आता कोंब वीतभर झाले असणार, म्हणून रेमेदियोस फुलांची टोपली घेऊन लगबगीने निघाली आणि चौकात गळून पडलेल्या कडू संत्र्यावर पाय घसरून सपशेल आपटली. घोट्याला प्लास्टर बसलं.

तिच्या माडीवर मारिएकेबाई हिवाळ्यापुरती भाड्याने राहत होती. हॉलंडची, साठी उलटलेली, पायांनी दणकट आणि मनाने लोणी. एलादियो तरुणपणी दोन वर्षं हॉलंडात ट्युलिपचे कांदे भरायला होता, त्या ओळखीवर रेमेदियोसने तिला खोली दिली होती आणि कोंबांची जागा कुणाला सांगायची नसते, ही गावची रीतही शिकवली होती.

‘‘तुमच्या यजमानांना फुलं मी नेते,’’ मारिएकेबाई म्हणाली.

‘‘छे छे! कशाला उगाच त्रास!’’

‘‘त्रास कसला? तुम्ही रडताय, मला बघवत नाही.’’

रेमेदियोस रडत होती हे खरं होतं. तिला कोंब जून होताना डोळ्यांसमोर दिसत होते.

मारिएकेबाई गेली ती दुपारी परतली. टोपलीवर पांढरं फडकं होतं. स्वयंपाकघरातून अंड्यांचा आणि आणखी कशाचा तरी वास दरवळला, तशी रेमेदियोस खुर्चीतून अर्धी उठली.

‘‘हे... हे कुठे मिळाले?’’

मारिएकेबाईने ओठांवर बोट ठेवलं. ‘‘जागा कुणाला सांगायची नसते. तुम्हीच नाही का शिकवलंत?’’

‘ती जागा माझी आहे’ म्हणायचं तर ती जागा आहे हे कबूल करावं लागणार! रेमेदियोसने मुकाट्याने आम्लेट गिळलं. चांगलं झालं होतं, म्हणून आणखीच संताप आला.

आता रोज सकाळी मारिएकेबाई फुलं घेऊन जाऊ लागली. आठवड्याच्या आत ब्रिखिदा धापा टाकत आली.

‘‘अगं रेमे, ती परकी बाई आमच्या एलादियोला रोज फुलं वाहते! सगळा गाव बोलतोय. हा हॉलंडात होता, ती हॉलंडची. खरं सांग, ती तिथे का जाते?’’

रेमेदियोसपुढे दोनच उत्तरं होती. एकात कोंबांची जागा जात होती आणि दुसऱ्यात नवऱ्याची अब्रू. तिने भिंतीवरच्या एलादियोच्या फोटोकडे पाहिलं. मनातल्या मनात त्याची माफी मागितली. तसा तो समजूतदार होता.

‘‘गेलेल्या माणसाचं काय बोलायचं, वन्सं,’’ ती उसासा टाकून म्हणाली. ‘‘तरुणपणी असेल काहीतरी.’’

ब्रिखिदा ताडकन उठली. ‘‘माझा भाऊ आणि असला? उद्या मी स्वतः जाते तिच्या मागोमाग. सोक्षमोक्षच लावते!’’

‘‘नको, वन्सं!’’ रेमेदियोस प्लास्टरसकट उभी राहिली. ‘‘गारठा आहे तिकडे! तुमचे गुडघे...’’

‘‘खड्ड्यात गेले गुडघे!’’

दुसऱ्या दिवशी रेमेदियोस सकाळपासून खिडकीला चिकटली होती. गल्लीच्या टोकाला मोठं भांडण पेटलेलं दिसावं म्हणून तिने देवापुढे मेणबत्तीसुद्धा लावली. दुपारी दोघी दिसल्या. हातात हात घालून, खिदळत येत होत्या. दोघींच्याही टोपल्यांवर पांढरी फडकी होती.

‘‘लागला का सोक्षमोक्ष?’’ रेमेदियोसने खिडकीतूनच विचारलं.

‘‘काही नाही गं, भली बाई आहे. उगाच संशय घेतला,’’ ब्रिखिदा म्हणाली. ‘‘मीच मेली भावाला विसरले होते. आता रोज जाणार. बरं, संध्याकाळी माझ्याकडे आम्लेट खायला ये. मला आज चांगले कोंब मिळालेत.’’

‘‘कुठे मिळाले, वन्सं?’’

ब्रिखिदाने फडकं नीट केलं.

‘‘नदीकडे.’’